हॉलबाहेरची बॅच

योग शिकवणाऱ्या, झुंबा घेणाऱ्या किंवा घरोघरी जाऊन पर्सनल ट्रेनिंग करणाऱ्या कुणाच्याही दिवसाचा हिशेब मांडून बघा. सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ, एवढ्यात सगळी कमाई उरकते. मधला अख्खा दिवस मोकळा. हॉलचं भाडं मात्र महिन्याचं असतं. पाऊस असो, परीक्षा असोत की सोसायटीतलं लग्न, ते भरावंच लागतं. अकरा वाजता हॉलमध्ये बॅच ठेवून बघितलेल्यांना ठाऊक आहे की कोणी येत नाही. अकराला ज्यांना वेळ असतो त्यांना घर सोडता येत नाही. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असतात, बारा वाजता शाळेतून येणारं पोर असतं, किंवा घरून काम करणाऱ्याला दोन मीटिंगांच्या मध्ये जेमतेम पाऊण तास मिळतो. ऑनलाइन वर्ग घ्यावा तो या माणसांसाठी. हॉलमध्ये येणाऱ्यांना तिकडे वळवण्याचं काहीच कारण नाही.

आपल्यातल्या बहुतेकांनी ऑनलाइन वर्ग एकदा घेऊन सोडून दिलेला आहे. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि महाराष्ट्रात व्यायामशाळा उघडायला २५ ऑक्टोबर, म्हणजे दसरा उजाडला. त्या सात महिन्यांत ज्यांनी कधी व्हिडिओ कॉल केला नव्हता त्यांनीही फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून वर्ग घेतले. मग हॉल उघडले आणि सुटलो एकदाचे म्हणत फोन पुन्हा खिशात गेला. ते समजण्यासारखं आहे. पण त्या काळावरून ऑनलाइन वर्गाची परीक्षा करणं मला बरोबर वाटत नाही. तेव्हा घरात सगळी माणसं एकाच वेळी होती, एका खोलीत मुलांची शाळा, दुसरीत ऑफिस, आणि मॅटला जागा स्वयंपाकघराच्या दारात. शिकवणाऱ्यालाही तयारीला वेळ मिळाला नव्हता. आज जो ऑनलाइन येईल तो स्वतःच्या सोयीने, ठरवून येईल. तो वेगळाच विद्यार्थी आहे.

सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर तुमच्या फोनमध्ये आहे. गेल्या तीन-चार वर्षांत वर्ग सोडून गेलेल्यांची नावं काढा. कंटाळून सोडणारे त्यात असतील, पण एक मोठा गट असा निघेल की ज्यांचा व्यायाम सुटला तो गाव सुटलं म्हणून. कोणाची बदली झाली, कोणी लग्न होऊन बंगळुरूला गेली, कोणी नाशिक रोडवरून थेट वाकडला राहायला गेलं. आणखी एक गट आपल्याकडे हमखास असतो: लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेले साठीतले आईवडील. पाच-सहा महिने तिथे राहायचं, गाडी चालवता येत नाही, बाहेर थंडी, आणि दिवसभर बाळाला कडेवर घेऊन कंबर धरलेली. या काकूंना तुमचा आवाज ओळखीचा आहे. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. त्यांना जाहिरात दाखवायची गरज नाही, एक फोन पुरतो. इन्स्टाग्रामवर रील टाकून अनोळखी माणसं गोळा करण्याआधी ही यादी संपवा.

आता नेहमीचा आक्षेप. ‘यूट्यूबवर सगळं फुकट आहे, मग पैसे कोण देईल?’ आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. सूर्यनमस्कार कसा घालावा हे दाखवणारे व्हिडिओ मोजता येणार नाहीत इतके आहेत, आणि त्यातले काही तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत. मुळात दुरून व्यायाम शिकवणं ही गोष्टच जुनी आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक, ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’, १९३८ मध्ये लंडनहून निघालं. ज्यांना राजेसाहेब कधी भेटणार नव्हते अशा वाचकांसाठी ते होतं. पुस्तकाला आणि व्हिडिओला एकच गोष्ट जमत नाही: समोरचा काय करतोय ते दिसत नाही. लाइव्ह वर्गात तुम्हाला दिसतं. विद्यार्थी पैसे देतो ते त्या दिसण्याचे. ‘काकू, डावा खांदा कानापासून खाली घ्या’ हे एक वाक्य कुठलाही व्हिडिओ म्हणू शकत नाही.

हे एकदा मान्य केलं की बाकीचे बरेच निर्णय आपोआप ठरतात. पहिला निर्णय संख्येचा. झूमच्या फुकट खात्यात शंभर माणसं बसतात म्हणून शंभर घ्यायची नाहीत. फोनच्या स्क्रीनवर झूम एका वेळी चारच चौकटी दाखवतं. लॅपटॉपवर पंचवीस दिसतात. म्हणजे शिकवताना समोर लॅपटॉप हवा, आणि जमलं तर तो केबलने टीव्हीला जोडलेला, कारण आठ फुटांवरून लॅपटॉपच्या चौकटीतला गुडघा दिसत नाही. एवढं करूनही बारा-पंधराच्या वर माणसं गेली की नजर पुरत नाही, असं माझं मत आहे. वीस झाले तर दोन बॅच करा. आणि कॅमेरा सुरू ठेवणं सक्तीचं करा. कॅमेरा बंद ठेवणारा माणूस तुमचा वर्ग रेडिओसारखा ऐकत असतो. त्याला ते चालत असेल, पण त्याच्या पाठीची जबाबदारी तुमच्यावर आहे.

दुसरा निर्णय, जो अनेक जण चुकवतात: हॉलमधला वर्ग चालू असताना कोपऱ्यात फोन लावून तोच वर्ग ऑनलाइन देऊ नका. कागदावर हा दुहेरी फायदा दिसतो. प्रत्यक्षात तुमचं लक्ष समोरच्या माणसांवर जातं, जायलाच हवं. घरी बसलेल्याला तुमची पाठ, पंख्याची घरघर आणि कोणाचं तरी हसणं एवढंच मिळतं. महिनाभरात तो गळतो आणि तुम्ही म्हणता, ऑनलाइन चालत नाही. वेगळी वेळ, वेगळी बॅच.

साहित्यावर फार खर्च करू नका. चांगला फोन बहुतेकांकडे असतो. त्याला ट्रायपॉड घ्या, आणि उरलेले पैसे आवाजावर घाला. चित्र थोडं अंधुक असलं तर माणूस सहन करतो, आवाज तुटला की वर्ग संपतो, कारण अधोमुख श्वानासनात असलेल्याला स्क्रीन दिसतच नसते. त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे फक्त आवाज. कॉलरला लावायचा बिनवायरचा माइक घ्या आणि आठ-दहा फूट मागे जाऊन स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. फोन आडवा ठेवा, कमरेच्या उंचीवर. खिडकी पाठीशी आली तर तुम्ही काळी सावली दिसाल. खिडकीकडे तोंड करा. वाय-फाय गेलं तर मोबाइलचा डेटा लगेच सुरू करता येईल अशी तयारी ठेवा, कारण देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस आपल्याकडे आठवड्यातून एकदा येतोच.

विद्यार्थ्याच्या घरची मांडणी हा खरा किचकट भाग आहे, आणि तिथे वेळ द्यायला हवा. बहुतेक माणसं फोन जमिनीवर भिंतीला किंवा डाळीच्या डब्याला टेकवतात. मग तुम्हाला छताचा पंखा आणि अर्धं डोकं दिसतं. बॅच सुरू होण्याआधी प्रत्येकाशी दहा मिनिटांचा स्वतंत्र व्हिडिओ कॉल करा आणि फक्त जागा लावून द्या. फोन खुर्चीवर ठेवायचा, मॅट कॅमेऱ्याला आडवी टाकायची, म्हणजे सूर्यनमस्कारात डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं शरीर बाजूने दिसतं. पाठीचा बाक, गुडघ्याचा कोन, मानेची ठेवण हे सगळं बाजूनेच कळतं. त्रिकोणासन किंवा वीरभद्रासनाला समोरून बघावं लागतं, तेव्हा ‘आता माझ्याकडे तोंड करा’ असं सांगून वळवायचं. खोलीत टीपॉय कुठे आहे, टाइल्सवर मॅट सरकते का, वर पंख्याला हात लागेल का, हेही त्याच कॉलवर बघून घ्या.

घरात मांडणीची सोय हॉलपेक्षा जास्त असते, हे लक्षात येत नाही. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात खुर्ची, पट्टा, उशी, ठोकळा यांचा आधार घेऊन आसनं शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिचं बरंचसं साहित्य प्रत्येक घरात आहे. पट्ट्याऐवजी ओढणी, लोडाऐवजी घट्ट गुंडाळलेली सतरंजी, आणि भिंत तर सगळ्यांकडे असते, जी हॉलमध्ये पंचवीस जणांना मिळणं शक्य नसतं. वजनाचे व्यायाम घेत असाल तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली साधारण एक किलोची होते. पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरली की स्क्वॉटला पुरेसं ओझं झालं. यापुढे प्रगती करायची असेल तर रबरी बँड मागवायला सांगा. हॉलमध्ये डंबेल होते म्हणून जे कधी सुचले नसते असे व्यायाम या मर्यादेतून सुचतात.

हात लावून दुरुस्ती करता येत नाही ही ऑनलाइन वर्गाची सर्वांत मोठी उणीव. तिची भरपाई बोलण्याने करावी लागते, आणि त्यासाठी आपली भाषा घासून घ्यावी लागते. ‘असं करा’, ‘इकडे वळा’, ‘थोडं अजून’ हे हॉलमध्ये चालतं, स्क्रीनवर त्याला अर्थ राहत नाही. आधी अवयव, मग दिशा, मग किती: ‘उजवा पाय, मागे, दोन वीत.’ श्वास कधी घ्यायचा ते हालचालीच्या आधी सांगा, नंतर नाही. नाव आधी घ्या आणि सूचना नंतर द्या, नाहीतर कोणाला उद्देशून होती हे कळेपर्यंत आसन संपतं. डाव्या-उजव्याचा घोळ वेगळाच. तुम्ही समोर तोंड करून उभे असता तेव्हा माणसं आरशासारखी नक्कल करतात, म्हणून हात डावा उचला आणि तोंडाने ‘उजवा’ म्हणा. दोन-तीन दिवस जीभ अडखळते, मग सवय होते. आणि सगळं स्वतः करून दाखवायचा मोह आवरा. दोन वेळा दाखवा, मग उठून स्क्रीनजवळ जा आणि बघा. तुम्ही शवासनात असाल तर वर्ग कोण बघतंय?

संगीतावर चालणाऱ्या वर्गांची गोष्ट जरा निराळी आहे. कॉलवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो, आणि प्रत्येकाकडे वेगवेगळ्या उशिराने. त्यामुळे सगळ्यांनी एका सुरात आकडे म्हणणं किंवा टाळी जुळवणं जमत नाही; विद्यार्थ्यांचे माइक बंदच ठेवावे लागतात. स्पीकरवर गाणं लावून माइकने पकडायचा प्रयत्न केलात तर झूम ते गोंगाट समजून कापून टाकतं. गाणं लॅपटॉपमधूनच ‘शेअर साउंड’ करून द्या, नाहीतर सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा. तोच वर्ग रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवलात तर सिनेमाच्या गाण्यावर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. ‘झुंबा’ हे नावही नोंदणीकृत आहे. परवाना नसेल तर बॅचला दुसरं नाव द्या. आणि नाचता-नाचता उडी मारायचे प्रकार तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या विद्यार्थ्याला सकाळी सहाला देऊ नका. खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कडक राहा. प्रवेश देताना एक छोटा फॉर्म भरून घ्या: रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, मणक्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया, गरोदरपण, काचबिंदू, चालू असलेली औषधं. काचबिंदू असलेल्याला डोकं खाली जाणारी आसनं द्यायची नाहीत, कारण डोळ्यातला दाब वाढतो. हे त्याला स्वतःला माहीत असेलच असं नाही. फॉर्मवर घरातल्या दुसऱ्या एका माणसाचा फोन नंबर आणि पूर्ण पत्ता हवाच. हॉलमध्ये कोणी चक्कर येऊन पडलं तर तुम्ही धावता. इथे तुम्ही फक्त फोन करू शकता, म्हणून कोणाला करायचा ते आधी माहीत हवं. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. पण तुम्ही सोलापुरात बसून तो फिरवलात आणि विद्यार्थी हैदराबादला असला तर मदत पोहोचायला वेळ जाईल; आधी त्याच्या घरच्यांना फोन. न्यू जर्सीतल्या काकूंसाठी ९११ त्यांच्या मुलीनेच फिरवायचा आहे, तेव्हा वर्गाच्या वेळी ती घरात असते का हे विचारून ठेवा.

काही गोष्टी ऑनलाइन शिकवायच्याच नाहीत. नवख्याला शीर्षासन नाही. पहिल्यांदा बारबेल उचलणाऱ्याला डेडलिफ्ट नाही. शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितल्याशिवाय नाहीत. ‘मला सगळं जमतं’ म्हणणारा विद्यार्थी नाराज होईल, होऊ द्या.

खासगीपणाचा मुद्दा बायकांच्या बॅचला विशेष लागू आहे. माणूस घरच्या कपड्यांत, घरच्या खोलीत असतो. वर्गाची लिंक सगळ्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. ‘वेटिंग रूम’ सुरू ठेवून ओळखीचं नाव असेल त्यालाच आत घ्या. रेकॉर्डिंग करायचं असेल तर ते फक्त तुमचं असावं, विद्यार्थ्यांच्या चौकटी त्यात येता कामा नयेत. आणि योगदिनाला, २१ जूनला, सगळ्यांच्या चौकटींचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवण्याची जी हौस आहे ती प्रत्येकाला विचारल्याशिवाय भागवू नका.

पैशांकडे वळू. ऑनलाइन म्हणजे निम्मी फी, ही समजूत लॉकडाऊनने पसरवली. ती मोडायला हवी, पण हिशेब प्रामाणिकपणे करून. समजा हॉलमध्ये २५ जण महिना हजार रुपये देतात आणि भाडं १०,००० जातं, तर हातात १५,००० राहतात. ऑनलाइन बॅचचे १२ जण तेच हजार देतील तर १२,००० येतात, त्यातून इंटरनेट आणि झूमचा खर्च जातो. म्हणजे एका बॅचला एक बॅच धरली तर ऑनलाइन जास्त देतं असं नाही. फायदा असा की हे १२,००० दिवसाच्या रिकाम्या तासातून, पेट्रोल न जाळता येतात, आणि तुमचा स्वतःचा घोटा मुरगळला तरी खुर्चीवर बसून शिकवता येतं. नजर बारा जणांत वाटली जात असेल तर फी हॉलइतकीच ठेवा, आणि का ठेवली ते स्पष्ट सांगा. एका स्क्रीनसमोर नवरा, बायको आणि आजी असे तिघे उभे राहणार हे गृहीत धरून कुटुंबाची फी आधीच जाहीर करा. नंतर विषय काढायला संकोच वाटतो.

फी महिन्याच्या सुरुवातीला, यूपीआयने. परदेशातल्या भारतीयाचं इथे एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर अमेरिका, इंग्लंड, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतल्या मोबाइल नंबरवरूनही त्याला यूपीआय वापरता येतं; सासऱ्यांची फी जावई तिथूनच भरू शकतो. सगळी उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. त्याच्या वर जात असाल, किंवा परदेशातून परकीय चलनात फी येऊ लागली, तर चार्टर्ड अकाउंटंटकडे एक फेरी मारा.

झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांनी बंद होतं, गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असले की एक तास मिळतो. सुरुवातीला मीट पुरेसं आहे. खरं तर घरच्या वर्गाला पन्नास मिनिटं भरपूर झाली. हॉलसारख्या दारातल्या गप्पा इथे नसतात. त्या गप्पा मात्र पूर्ण घालवू नका. शेवटी पाच मिनिटं माइक उघडे ठेवा. कोणाच्या घरी आंब्याची पेटी आली, कोणाची शुगर कमी झाली, हे बोलायला माणसं थांबतात, आणि महिना संपल्यावर फी भरण्यात या पाच मिनिटांचा वाटा मोठा असतो.

परदेशातल्या बॅचसाठी वेळ ठरवताना एक तक्ता भिंतीवर लावा. आपली सकाळची साडेपाचची बॅच न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडे उन्हाळ्यात आदल्या दिवशीच्या रात्री आठला पडते, म्हणजे जेवण आधी उरकून बसणाऱ्यांची पंचाईत. हिवाळ्यात तीच संध्याकाळी सातला येते. कॅलिफोर्नियात ती उन्हाळ्यात संध्याकाळी पाच आणि हिवाळ्यात चार वाजता असेल, जी फक्त आजी-आजोबांना सोयीची. दुबई आपल्या दीड तास मागे असल्याने तिथल्या सहाच्या बॅचला तुम्ही साडेसातला बसायचं. तिथे घड्याळ बदलत नाही, त्यामुळे सर्वांत बिनत्रासाची बॅच हीच. लंडनची सकाळची सातची बॅच आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येते, म्हणजे नेमकी तुमच्या रिकाम्या तासांत. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात; इंग्लंडमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या चार रविवारांच्या आदल्या आठवड्यात ग्रुपवर नवी वेळ टाका. आणि अमेरिकेच्या बॅचला ‘सोमवार ते शुक्रवार’ असं कधीच लिहू नका, कारण तुमचा सोमवार पहाटेचा वर्ग म्हणजे त्यांची रविवारची संध्याकाळ. दोन्हीकडचे वार शेजारी-शेजारी लिहा.